कडता

मार्केट यार्डात छत्तीस वर्षं मी हळद तोलली.
पहिल्या पोत्याला एक म्हणत नाहीत, लाभ म्हणतात.
लाभ, दोन, तीन,
आणि दर पोत्यामागे बारदानाचा कडता,
किलोभर वजा. कधी सव्वा.
शेतकरी काट्याकडे बघायचा, मग माझ्याकडे,
मी पुढच्या पोत्याकडे.

आता रात्रीचे अडीच.
स्वयंपाकघरातला काटा, काट्यावर तसराळं,
तसराळ्यात जुन्या टॉवेलचा तुकडा,
वर मुठीत मावेल एवढं सायबेरियाचं पिल्लू.
लाभ. चौऱ्याण्णव ग्रॅम.
दोन. एक्क्याण्णव.
तीन. अठ्ठ्याऐंशी.
चौथं ठेवलं, तर काट्यानं जरा विचार केला.
अठ्ठावन्न.

त्यांच्या आईचं कागदावरचं नाव हातभर लांब, रशियन.
पुण्याच्या बाईंनी दोनदा वाचून दाखवलं,
माझ्या जिभेला वळलं नाही.
आम्ही म्हणतो ताराक्का.
थंडीत तिच्या मानेला आयाळ येते,
चैत्रात ती पुंजक्यांनी झडते,
घरभर, आमटीत, माझ्या टोपीत.
हरिपुरात पूर्वी हळद पेवात ठेवत,
जमिनीखाली, गारव्याला.
पेवं बुजली. बर्फाच्या देशातलं हे जनावर
बेचाळीस अंशात कुठं ठेवायचं?
मी यार्डातली पोती भिजवून खिडक्यांना लावली,
पाण्याची बाटली गोठवून फडक्यात गुंडाळली.
पोत्यांत जुनी हळद होतीच.
ताराक्काची पांढरी छाती पिवळी झाली,
आठ दिवस नवरीसारखी हिंडली.

आमच्या घरात कोंबडी शिजत नाही.
ती शेजारी जमीलाबींकडे शिजते
आणि झाकणाच्या डब्यातून मागच्या दारानं येते.
आई त्या खोलीची पायरी चढली नाही.
म्हणाली, बाजारात काटा मारलास
तेवढं पुरलं नव्हतं व्हय रे, पायगोंडा?

चौथ्याला दर दोन तासांनी सिरिंजनं दूध,
थेंब, थांब, थेंब.
मग ओल्या कापसानं बूड पुसायचं,
आई चाटते तसं, नाहीतर लघवी होत नाही.
माझे हे हात हुकाचे. पोत्यात खुपसायचे.
दुसऱ्या दिवशी एकसष्ट.
तिसऱ्या दिवशी साठ.
चौथ्या रात्री अडुसष्ट!
बायकोला हलवून उठवलं, नीलव्वा, वाढलंय गं.
ती आली, डोळे अर्धे मिटलेले,
काट्याकडे बघून म्हणाली,
टॉवेल धरून?

अकरा ग्रॅम टॉवेल.
इतकी वर्षं दुसऱ्याचं वजा करताना
माझा हात कधी अडखळला नव्हता.
वहीत पेन्सिल टेकवून बसलो.
मग लिहिलं, सत्तावन्न.

पहाटे दारात कुणीतरी उभं.
आई.
डब्याचा वास अजून खोलीत होता,
ती नाकाला पदर लावून आत आली, जमिनीवर बसली,
ओंजळीत घेतलं त्याला
आणि कानाशी वाकून णमोकार म्हणू लागली.
त्याचे कान अजून उघडले नव्हते.
हे तिला सांगायला मी तोंड उघडलं
आणि मिटलं.
ती संपूर्ण म्हणून थांबली. परत म्हणाली.
कडीपत्त्याच्या बुंध्याशी मी खड्डा घेतला तेव्हा
उन्हं यायची होती.
आईनं त्यानंतर अंघोळ केली, दिवसभर बोलली नाही,
दुपारी जमीलाबींचा डबा मात्र
तिनं स्वतः दारातून आत सरकवला, पायानं.

तिघांची बोली झाली आहे.
मिरज, कऱ्हाड, एक साताऱ्याच्या वकिलीणबाईंकडं.
तेरा आठवडे झाल्याशिवाय देणार नाही म्हटलंय.
रोज पंधरा ग्रॅम चढतात, टॉवेल वगळून.

काल रात्री ताराक्कानं जागा बदलली,
खोक्यातून कपाटाच्या खालच्या खणात.
मानगूट धरून एकेक नेलं.
लाभ.
दोन.
तीन.
मग परत आली,
रिकाम्या खोक्यात उतरली,
टॉवेल हुंगला, उलटा केला,
आणि तोंडात काही नसताना
सावकाश, मान उंच धरून,
चौथी खेप केली.